अडीच कुप्या

आमच्या घरात सून सासऱ्यांशी सरळ बोलत नसे. तसा नियम कोणी घालून दिलेला नव्हता, आणि मामंजी तर अगदी सौम्य माणूस होते. पण सासूबाई असताना सगळं त्यांच्यामार्फत चालायचं, आणि त्या गेल्यावर माझ्या नवऱ्यामार्फत चालू लागलं. नवरा घरात नसला की आम्ही दोघं भिंतीशी बोलायचो. "चहा झाला असेल तर बरं होईल," असं मामंजी खुंटीवरच्या टोपीकडे बघत म्हणायचे. मी कप तिपाईवर ठेवायचे आणि "चहा ठेवलाय" असं दाराला सांगायचे. बाहेरच्या माणसाला हसू आलं असतं. आम्हाला त्यात काही अवघड वाटत नव्हतं.

वाटत नव्हतं याला कारण पुस्तकं. मामंजी दर शनिवारी वाचनालयातून दोन पुस्तकं आणायचे. एक स्वतःच्या उशाशी ठेवायचे आणि दुसरं मधल्या खोलीतल्या खिडकीच्या कट्ट्यावर. ते माझ्यासाठी आहे असं ते कधी म्हणाले नाहीत. वाचून झालं की मी ते परत तिथेच ठेवायचे. आवडलेलं असलं तर भिंतीला टेकवून उभं, नसलं तर आडवं. हे त्यांच्या कधी लक्षात आलं ते मला माहीत नाही, पण पुढचं पुस्तक त्यावरूनच यायचं. माझे वडील मी कॉलेजात असतानाच गेले होते. लग्नानंतर मी एम.ए. झाले ती बरीचशी त्या कट्ट्याच्या जोरावर. माझ्या आयुष्यात माझ्याशी इतका वेळ कोणी बोललं नव्हतं, असं मला तेव्हा वाटायचं आणि अजूनही वाटतं.

काही शब्द मात्र त्या घरात कोणाच्याच तोंडी नव्हते. संडास अंगणाच्या टोकाला होता, आमच्यात आणि मागच्या भाडेकरूंमध्ये सामाईक. मामंजी तिकडे जाताना "जरा जाऊन येतो" इतकंच हवेत सोडायचे. मी त्या वेळी स्वयंपाकघराच्या दारात असले तर आत वळायचे. ते परत येऊन हातपाय धुऊन खुर्चीत बसेपर्यंत मी बाहेर येत नसे. हेही कोणी शिकवलं नव्हतं.

अशा माणसाला नेमका तिथला आजार झाला. मोठ्या आतड्याच्या शेवटी गाठ निघाली, ऑपरेशन झालं, तेवढा भाग काढून आतडं जोडलं. नातेवाइकांना आम्ही "पोटाचं ऑपरेशन" असं सांगितलं. कोणी खोदून विचारलं तर नवरा "अल्सरसारखं" म्हणायचा. वर्ष बरं गेलं. मग भूक मंदावली, आणि तपासणीत आजार यकृतात गेल्याचं कळलं. ते वर्ष एकोणीसशे ऐंशीच्या आसपासचं. डॉक्टर म्हणाले, आता कापण्यासारखं काही नाही, औषध देऊन बघू.

नवरा कोराडीच्या वीज केंद्रात पाळ्यांवर होता. आमच्या प्रताप नगरातून तिकडची बस धरायची म्हणजे त्याचा दिवस पाळीच्या दोन्ही बाजूंनी खर्ची पडायचा. परतला की कपड्यांच्या घड्यांतून राख पडायची आणि जेवता जेवता त्याचे डोळे मिटायचे. त्यामुळे मामंजींना दवाखान्यात न्यायचं काम माझ्याकडे आलं. आम्ही एका सायकलरिक्षात बसायचो, मध्ये कागदांची पिशवी. पदर डोक्यावरून सुटू नये म्हणून मी तो एका हाताने धरून असायचे.

डॉक्टर वऱ्हाडातले, चाळिशीच्या आतले, बोलायला मोकळे. मामंजींना ते काकाजी म्हणायचे. पहिल्या दिवशी त्यांनी मामंजींना चपला काढून वजनाच्या काट्यावर उभं केलं, भिंतीशी टेकवून उंची घेतली, आणि टेबलाच्या काचेखालून एक छापील तक्ता काढला. त्यावर तीन उभ्या रेघा होत्या, प्रत्येकीवर बारीक खुणा. डावीकडची उंचीची, उजवीकडची वजनाची. डॉक्टरांनी फूटपट्टी एका टोकाला उंचीवर आणि दुसऱ्या टोकाला वजनावर ठेवली. मधल्या रेघेला ती जिथे कापत होती तिथला आकडा म्हणजे माणसाच्या अंगाचं क्षेत्रफळ. त्या क्षेत्रफळावरून औषध किती द्यायचं ते निघतं.

मामंजींची सगळी नोकरी मोजणीच्या कार्यालयात शेताबांधांचे नकाशे काढण्यात गेलेली. ते खुर्चीत पुढे सरकले. फूटपट्टी जिथे कापत होती ती खूण त्यांनी चष्मा वर करून नीट पाहिली. आजार सुरू झाल्यापासून मी त्यांना इतकं खुशीत पाहिलं नव्हतं. संध्याकाळी ते मुलाला सांगत होते, आणि मी आतून ऐकत होते.

"जन्मभर लोकांच्या जमिनींचं काढलं. आज माझं क्षेत्रफळ काढलं. दीड चौरस मीटर. त्यावर संडाससुद्धा मंजूर होत नाही."

तो शब्द मी त्यांच्या तोंडून त्या घरात पहिल्यांदा ऐकला. मी आत आहे हे ते विसरले असावेत. लगेच खाकरले.

पण डॉक्टरांनी त्या दिवशी आणखी एक गोष्ट सांगितली होती. हे औषध भराभर वाढणाऱ्या पेशी मारतं, म्हणून गाठीला लागू पडतं. पण तोंडाचं आणि आतड्याचं आतलं अस्तरही रोज नवं होत असतं, रक्तातल्या पांढऱ्या पेशीही, आणि मार त्यांनाही बसतो. कोणाला किती बसेल ते तक्त्यावरून कळत नाही. सारख्या उंचीची, सारख्या वजनाची दोन माणसं असली तरी एकाला सोसतं आणि एकाला सोसत नाही. म्हणून दर वेळी रक्त तपासायचं, तोंड आलं का विचारायचं, जुलाब होतात का विचारायचं. सोसत असेल तर थोडं वाढवायचं, नसेल तर कमी करायचं किंवा थांबवायचं.

"पहिला डोस मी ठरवतो, काकाजी," ते म्हणाले. "पुढचे तुम्हीच ठरवायचे. तुम्ही सांगाल तसे."

मामंजींनी मान डोलावली. मी दाराशी पिशवी घेऊन उभी होते, आणि मला वाटलं की इतक्या काटेकोर माणसाला हे सांगायची गरजही नव्हती.

औषध म्हणजे शिरेतून द्यायच्याच काचेच्या कुप्या. मामंजींच्या शिरा ऑपरेशनच्या वेळी सुयांनी खराब झालेल्या, म्हणून त्यांनी ते प्यायचं ठरलं; त्या काळी असंही देत असत. आठवड्यातून एकदा, सकाळी उपाशीपोटी, तीन कुप्या. कुपीच्या मानेवर छोट्या कानशीने रेघ मारायची, कापूस धरून मान मोडायची आणि आतलं पेल्यातल्या गार पाण्यात ओतायचं. हे काम मी करायचे. पेला कट्ट्यावर ठेवायचे, पुस्तकाच्या शेजारी. मामंजी तो एका दमात संपवायचे, मग पेल्यात थोडं पाणी घालून, हलवून तेही प्यायचे, म्हणजे काचेला लागलेलं वाया जायला नको. त्यांचं सगळंच असं असायचं.

आणि दवाखान्यात डॉक्टर विचारायचे, "तोंड कसं आहे काकाजी? संडास कशी होऊन राहिली?"

मामंजी टेबलावरच्या फूटपट्टीकडे बघायचे आणि म्हणायचे, "समाधानकारक."

तो त्यांचा कार्यालयातला शब्द. नकाशा तपासून झाला की शेऱ्यात लिहायचा. मी दाराशी उभी असायचे. मी तिथे उभी असताना त्यांनी आणखी काय म्हणायला हवं होतं, हा विचार तेव्हा माझ्या मनात आला नाही. मी बाहेर बाकावर जाऊन बसले असते तर कदाचित त्यांनी सांगितलं असतं. पण डॉक्टरांच्या सूचना मला ऐकाव्या लागत होत्या, आणि मी बाहेर जावं असं सांगायला त्यांना माझ्याशी बोलावं लागलं असतं.

काही आठवडे असे गेले. रक्त ठीक आलं. डॉक्टर खूश होते. औषध चांगलं सोसतंय, थोडं वाढवू, म्हणाले, आणि तीनच्या चार कुप्या केल्या. त्यात त्यांचं काही चुकलं असं मला वाटत नाही. त्यांनी विचारलं होतं आणि त्यांना उत्तर मिळालं होतं.

घरात मात्र मला वेगळं दिसू लागलं. अंगणातला पाण्याचा ड्रम सकाळी नळाला पाणी आलं की मी भरायचे. तो एरवी दुसऱ्या दिवशीपर्यंत पुरायचा. आता दुपारीच तळ दिसू लागला. ड्रमजवळचा संडासाचा डबा बऱ्याचदा जागेवर नसायचा. ताटातली पोळी तशीच राहू लागली, भाजीला बोट लागेना, नुसता ताकभात जायचा आणि तोही थांबत थांबत. मुलाला ते म्हणाले, भूक नाही. घोट गिळताना त्यांच्या मानेची शीर ताठ व्हायची ते मी दारातून पाहत होते.

एकदा मी ड्रम दुसऱ्यांदा भरत असताना मागची भाडेकरीण नळावर आली. ती तोंडाची फटकळ होती, मनाने वाईट नव्हती.

"पाहुणे आले काय वं तुमच्याकडे? का ड्रमलेच भोक पडलं?"

मी म्हटलं, हल्ली धुणं जास्त असतं.

"धुणं तर तुमचे मामाजीच धुऊन राहिले होते पहाटे. मी पाह्यलं. काहून वं, सुनेच्या हातचं चालत नाही काय त्याईले?"

ती हसली आणि बादली उचलून गेली. मी तिथेच उभी राहिले. मग माझ्या लक्षात आलं की बऱ्याच दिवसांत मामंजींचं धोतर माझ्या धुण्यात आलेलं नाही. ते दोरीवर वाळत असायचं, मी ते उतरवून घडी करून ठेवायचे, आणि ते कोणी धुतलं हा प्रश्न मला पडला नव्हता. त्या म्हाताऱ्या माणसाने अंधारात नळाला पाणी येण्याआधी उठून, ड्रममधलं पाणी घेऊन, आवाज न करता धोतर पिळलं असणार. मला लाज वाटली. आणि खरं सांगायचं तर रागही आला. शेजारणीसमोर मी मूर्ख ठरले याचा, आणि दोन-दोनदा ड्रम भरून माझी कंबर मोडली होती याचा. दोन्ही गोष्टी त्या रागात होत्या.

मी नवऱ्याला सांगितलं. तो बाबांच्या खोलीत गेला आणि लगेच बाहेर आला. ते म्हणतात ठीक आहे, म्हणाला. मी म्हटलं, ठीक नाही, तुम्ही स्पष्ट विचारा.

"बाबांना मी काय विचारू? कधी विचारलंय का असलं?" तो म्हणाला. मग जरा थांबून, "तूच सांग ना डॉक्टरांना. तू असतेसच तिथे."

"मामंजींसमोर?"

त्याची रात्रपाळी होती. त्याने डबा घेतला आणि गेला.

पुढच्या भेटीला मामंजींनी लोकरीचा कोट घातला. बाहेर थंडी नव्हती. कोटाच्या आत ते किती उरले होते ते रिक्षात चढताना मनगट पुढे आलं तेव्हा मला दिसलं. मी घरून ठरवून निघाले होते की डॉक्टरांना बाजूला गाठून सांगायचं. पण तिथे पोचलो तर गर्दी होती, आणि आम्हाला लगेच आत बोलावलं. आत डॉक्टरांबरोबर दोन शिकाऊ मुलं उभी होती, आणि एक मुलगीही, माझ्याहून लहान.

डॉक्टरांनी विचारलं. मामंजी म्हणाले, समाधानकारक. डॉक्टरांनी चार कुप्यांचं लिहायला पेन उचललं.

"नाही," मी म्हटलं.

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मामंजींनी पाहिलं नाही. त्यांच्या हयातीत मी त्यांच्यादेखत बाहेरच्या पुरुषाशी पहिल्यांदा बोलत होते, आणि पहिला शब्द त्यांना खोटं पाडणारा निघाला होता.

"दिवसातून दहा-बारा वेळा जातात," मी म्हटलं. "तोंड पण आलंय. पोळी खाता येत नाही."

इथे मी थांबायला हवं होतं. डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं होतं. त्यांना पुरेसं कळलं होतं. पण त्यांनी मामंजींकडे पाहिलं, आणि मामंजी शांतपणे म्हणाले, "तितकं नाही." ते ऐकून माझ्यातलं काहीतरी सुटलं.

"धोतर खराब होतं," मी म्हटलं. "पहाटे स्वतः धुतात. कोणाला कळू नये म्हणून."

ती शिकाऊ मुलगी खिडकीबाहेर बघू लागली. मामंजींनी कोटाचं वरचं बटण लावलं, जे आधीच लावलेलं होतं. त्यांची बोटं नुसती तिथे गेली आणि तिथेच राहिली.

डॉक्टर उठले, टॉर्च घेऊन आले आणि त्यांनी मामंजींना तोंड उघडायला सांगितलं. जीभ, गालांच्या आतली बाजू, सगळं सोललेलं होतं. त्यांनी हाताच्या पाठीची कातडी चिमटीत धरून सोडली. ती तशीच उभी राहिली, अंगात पाणी उरलं नव्हतं. मग ते खुर्ची ओढून मामंजींच्या अगदी जवळ बसले. त्यांचा आवाज उतरला होता.

"काकाजी, तुम्ही ठीक म्हटलं म्हणून मी वाढवला न डोस. आणखी एकदा चार कुप्या घेतल्या असत्या तर भरती करावं लागलं असतं. आणि मग घरी येणं झालं असतं की नाही, मी सांगू शकत नाही."

मामंजी म्हणाले, "चूक झाली."

असं ते डॉक्टरांना म्हणाले. मला त्या वेळी वाटलं की ते मला ऐकू यावं म्हणून म्हणाले, आणि नंतर कित्येकदा वाटलं की तसं मुळीच नसेल.

औषध थांबवलं. रक्तात पांढऱ्या पेशी उतरलेल्या निघाल्या. मीठ-साखरेचं पाणी, पातळ खिचडी, तोंडाला लावायला जांभळं औषध. परतताना रिक्षात पिशवी मध्ये होती तशीच होती. मामंजी रस्त्याच्या त्यांच्या बाजूला बघत होते आणि मी माझ्या. घरी आल्यावर त्यांनी कोट काढून खुंटीला लावला आणि खोलीचं दार लोटून घेतलं. ते दार दिवसा कधी लोटलेलं नसे.

त्या शनिवारी त्यांना बाहेर जाण्याची ताकद नव्हती, म्हणून कट्टा रिकामा राहिला. त्याच्या पुढच्या शनिवारी ते वाचनालयात जाऊन आले. हातात एकच पुस्तक होतं.

ते हळूहळू सावरले. पाणी पुरू लागलं, पोळी मोडून दुधात घालून खाऊ लागले. बाबांचा जीव त्या दिवशी वाचला, असं नवरा पुढे पाहुण्यांना सांगायचा, आणि "हिच्यामुळे" असं म्हणायचा. मी तेव्हा आत निघून जायचे. त्याला वाटायचं मी लाजते.

पुढच्या भेटीसाठी मामंजींनी मुलाला रजा काढायला लावली. मी घरी राहिले. परत आल्यावर नवऱ्याने मला स्वयंपाकघरात सांगितलं. डॉक्टरांनी विचारल्याबरोबर बाबांनी सगळं स्वतःहून सांगितलं होतं. किती वेळा, कसं, रक्त होतं का, रात्री किती. नकाशावरची मापं वाचून दाखवावीत तसं, म्हणाला, खालचा आवाज नाही की काही नाही. शेवटी डॉक्टरांनी आणखी काही आहे का विचारलं, तर बाबा म्हणाले, "बाकीचं सूनबाईंनी सांगितलंच आहे."

"रागावून म्हणाले?" मी विचारलं.

"नाही गं. साधंच म्हणाले." तो हात धुऊ लागला. "तू उगाच मनाला लावून घेऊ नकोस."

नवा डोस अडीच कुप्यांचा ठरला. तक्त्यावर उंची तीच होती, वजन घटलेलं, आणि त्यावरून निघालेलं डॉक्टरांनी आणखी उतरवलं होतं, या वेळी मामंजींच्या उत्तरांवरून. अर्धी कुपी मोजायला त्यांनी सुई नसलेली काचेची पिचकारी दिली. पहिल्या सकाळी मी दोन कुप्या फोडून पेल्यात ओतल्या. तिसरी फोडली, पिचकारीत औषध ओढलं, खुणेपर्यंत आणलं. तेवढं पेल्यात सोडलं. उरलेलं मोरीत ओतायचं होतं. मी पेला कट्ट्यावर ठेवून वळले, तर मामंजी खोलीच्या दारात उभे होते. ते बहुधा बराच वेळ बघत होते.

"सूनबाई," ते म्हणाले, "बरोबर अर्धी आहे ना?"

टोपीकडे बघून नाही, भिंतीला नाही. माझ्याकडे बघून.

मी मान खाली घातली आणि "हो" म्हटलं. त्यांनी पेला उचलला, खिडकीच्या उजेडात धरून पाहिला, प्यायले, आणि पाणी घालून हलवून तेही प्यायले. त्यानंतर ते माझ्याशी सरळच बोलू लागले. पाणी संपलं, आज तीनदा झालं, भात मऊ हवा. सगळं स्पष्ट, आवश्यक तितकं. अडीच कुप्यांवर ते उन्हाळ्यापर्यंत चालले. मग औषधाचा उपयोग होईना आणि डॉक्टरांनी ते बंद केलं. शेवटचे दिवस त्यांचं सगळं मीच केलं, आणि त्यांनी करू दिलं. धोतरही मीच धुतलं. त्या दिवसांत त्यांनी कधी तोंड फिरवलं नाही. डोळे उघडे ठेवून वर पत्र्याकडे बघत राहायचे.

कट्ट्यावर पुस्तक मात्र पुन्हा आलं नाही. शेवटचं जे आलं होतं ते मला आवडलं होतं. त्या गडबडीत मी ते आडवंच ठेवलं होतं, आणि त्यांनी ते तसंच उचलून परत केलं.

ते गेल्यावर लोक म्हणायचे, सासऱ्यांनी तुला मुलीसारखं मानलं, शेवटी तर किती मोकळे बोलायचे. मी हो म्हणायचे. आम्ही बोलत नव्हतो तेव्हा जे बोलत होतो, ते लोकांना सांगण्यासारखं नव्हतं.

मी मनाने पुष्कळदा डॉक्टरांच्या त्या खोलीत परत जाऊन उभी राहते. पिशवी घेते, दाराशी थांबते. "नाही" म्हणते, तो शब्द मला आजही मागे घ्यावासा वाटत नाही. दहा-बारा वेळा, तोंड आलंय, हेही तसंच राहू देते. डॉक्टरांना डोस ठरवायला एवढं पुरत होतं. पुढचं वाक्य त्यांच्यासाठी नव्हतं. ते मी कोणासाठी बोलले, हे मला इतक्या वर्षांत नीट सांगता आलेलं नाही, आणि ज्या मामंजींना ते मला विचारता आलं असतं त्यांनी विचारलं ते फक्त "बरोबर अर्धी आहे ना?" एवढंच.